नवीन व्हर्जन आलं, पण त्यात माझं काय?



आजचा विषय असा आहे की त्यावर कोणी रील बनवत नाही. रिलीज नोट. म्हणजे सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन बाहेर पडताना त्यासोबत जो मजकूर येतो ना, 'यात हे बदललं, ते बदललं' असं सांगणारा, तो.

तुम्ही तो रोज बघता. प्ले स्टोअर उघडा आणि कुठल्याही ॲपच्या अपडेटखाली 'व्हॉट्स न्यू' बघा. बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: 'बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स'. काय दुरुस्त केलं, कशाचा वेग वाढला, काही पत्ता नाही. आपणही ते वाचत नाही. अपडेट दाबतो आणि पुढे जातो. ॲपच्या बाबतीत हे चालून जातं. एखाद्या बटणाची जागा बदलली तर दोन दिवस चिडचिड होते, मग सवय होते.

पण हेच वाक्य एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीच्या नवीन व्हर्जनखाली लिहिलं तर कुठेतरी कोणाची तरी अख्खी रात्र जाते. आज त्याबद्दल बोलू.

थोडी माझी ओळख करून देते. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक करून सहा वर्षं झाली. नोकरी बॅकएंडची. नोकरीबाहेर आम्ही तिघं मिळून एक छोटी पायथन लायब्ररी सांभाळतो. ती रकमा आपल्या पद्धतीने छापते, म्हणजे लाख-कोटीचे स्वल्पविराम बरोबर जागी देते. एवढंच तिचं काम. पण तीसुद्धा आम्ही कधी न भेटलेले लोक आपापल्या बिलांमध्ये वापरतात. तिच्या रिलीज नोट मी लिहिते, आणि खरं सांगायचं तर कोड लिहिण्यापेक्षा कधीकधी त्यातच जास्त डोकं लागतं.

लायब्ररी वापरणारा माणूस वेगळा असतो

जे अजून कोडिंगकडे वळलेले नाहीत त्यांच्यासाठी एक मिनिट. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला कोड, जो आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये आणून वापरतो. तारीख वाचायची, फोटो लहान करायचा, पासवर्ड सुरक्षित ठेवायचा, हे दर वेळी शून्यापासून कोण लिहीत बसणार? म्हणून आपण लायब्ररी घेतो. ती लायब्ररी आणखी चार लायब्ररींवर उभी असते. त्या चार आणखी कशावर तरी.

ॲप वापरणारा माणूस ती वस्तू वापरतो. लायब्ररी वापरणारा तिच्यावर स्वतःचा मजला बांधतो. आता वरचा मजला बांधून, रंग देऊन, लोक राहायला आल्यावर खालच्याने एक खांब चार इंच सरकवला, आणि पाटी लावली 'काही किरकोळ सुधारणा केल्या', तर कसं होईल?

त्यात ओपन सोर्सची आणखी एक गंमत आहे. इथे ग्राहकांची यादी नसते. कोण डाउनलोड करतंय, कुठे वापरतंय, बँकेत की कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, मेंटेनरला माहीत नसतं. फोन करून 'अहो, उद्यापासून हे बदलतंय हं' असं सांगायची सोय नाही. जे काय सांगायचं ते त्या एका मजकुरातच.

आणि लोक नेमके कशावर अवलंबून असतात हेही आपल्याला कळत नाही. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने एक नियम सांगतात, हायरमचा नियम. वापरणारे पुरेसे वाढले की तुम्ही कागदावर काय वचन दिलं होतं याला अर्थ उरत नाही. तुमच्या कोडचं जे जे वागणं बाहेरून दिसतं, त्या प्रत्येकावर कोणीतरी विसंबून असतंच. म्हणजे तुम्ही ज्याला 'बग दुरुस्त केला' म्हणता, तो बग कोणाच्या तरी प्रोग्रॅमचा आधार असू शकतो.

पाणी बंदची सूचना आठवा

पुण्यात महापालिका बऱ्याचदा दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवते. त्याची सूचना तुम्ही व्हॉट्सॲपवर नक्की पाहिली असेल. इतर शहरांतही अशाच सूचना येतात. ती सूचना नीट बघा. तिच्यात काय असतं? कुठल्या दिवशी पाणी बंद. कुठलं जलकेंद्र, पर्वती, वारजे की लष्कर, आणि त्याखाली भागांची लांबच लांब यादी. शेवटी एक ओळ, की दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल.

ती सूचना आपण कशी वाचतो? पंपाची दुरुस्ती आहे की व्हॉल्व्हची, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नसतं. आपण थेट यादीत आपला भाग शोधतो. सापडला की आईला हाक मारतो, 'आई, उद्या पाणी नाही, पिंप भरून ठेव'. नाही सापडला की फोन खाली ठेवतो.

माझ्या मते चांगली रिलीज नोट हुबेहूब अशीच असते. वाचणाऱ्याचे प्रश्न तीनच असतात. एक, हे माझ्या भागात आहे का? दोन, असेल तर मी काय करायचं? तीन, नाही केलं तर काय होईल?

आता बहुतेक रिलीज नोट कशा असतात? 'जलवाहिनीच्या सांध्याचं पुनर्नियोजन केले.' बरं. मग मी पिंप भरू का नको?

तेरा तारीख आणि बारा तारीख

एक खरं उदाहरण घेऊ. पांडाज ही पायथनमधली डेटा हाताळायची लायब्ररी. डेटा सायन्सचा कोर्स केलेल्या प्रत्येकाने वापरलेली. तिचं २.० व्हर्जन एप्रिल २०२३ मध्ये आलं. त्यात तारखा वाचायची पद्धत बदलली.

आधी काय व्हायचं? पांडाज प्रत्येक तारखेकडे वेगवेगळं बघून अंदाज बांधायची. समजा एका रकान्यात दोन तारखा आहेत: १३-०१-२००० आणि १२-०१-२०००. पहिलीत तेरावा महिना असू शकत नाही, म्हणून ती १३ जानेवारी. ठीक. पण दुसरी अमेरिकन पद्धतीने, महिना आधी धरून, वाचली जायची: १ डिसेंबर! एकाच रकान्यातल्या लागोपाठच्या दोन तारखा, आणि अर्थ लावायची पद्धत वेगळी. आपल्याकडे तर सगळेच दिवस आधी लिहितात. विचार करा, हजेरीपटाचं किंवा हप्त्यांचं काय होत असेल. आणि त्यातून निघणारी तारीख दिसायला खरीच असते, त्यामुळे चूक सहज नजरेत येत नाही.

२.० मध्ये त्यांनी ठरवलं की पहिल्या तारखेवरून पद्धत पक्की करायची आणि सगळ्या रकान्याला तीच लावायची. उत्तम बदल. पण मला त्यांची नोट जास्त आवडली. त्यांनी फक्त 'तारखा वाचण्यात सुधारणा' असं लिहिलं नाही. मी आत्ता सांगितल्या त्याच दोन तारखा घेतल्या. 'जुनं वागणं' या मथळ्याखाली जुनं उत्तर छापलं, 'नवीन वागणं' या मथळ्याखाली नवीन. आणि पुढे सांगितलं की तुमच्या डेटात खरोखरच वेगवेगळ्या पद्धतीच्या तारखा मिसळलेल्या असतील, तर फॉरमॅटच्या जागी 'मिक्स्ड' असं लिहा.

बघा, तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. माझ्या भागात आहे का? माझा डेटा उदाहरणासारखा दिसतो, म्हणजे आहे. काय करू? एक शब्द बदल. नाही केलं तर? नवीन उत्तर समोर छापलेलंच आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जो बदल एरर देतो तो त्यातल्या त्यात बरा. प्रोग्रॅम थांबतो, आरडाओरडा करतो, आपण धावत जातो. खरा धोका गुपचूप बदलणाऱ्या उत्तराचा. प्रोग्रॅम चालू राहतो, हिरवी खूण दिसते, आणि आकडे चुकत राहतात. म्हणून मी नोट लिहिताना असे गुपचूप बदल सगळ्यात वर ठेवते, मग तो बदल दोन ओळींचा का असेना.

एररमध्येच पत्ता

दुसरं उदाहरण नमपायचं. गणितासाठीची लायब्ररी, अर्ध्या डेटा सायन्सचा पाया. त्यात 'एनपी डॉट फ्लोट' असं एक नाव होतं. लोकांना वाटायचं हा नमपायचा स्वतःचा खास प्रकार आहे. प्रत्यक्षात ते पायथनच्या साध्या 'फ्लोट'चंच दुसरं नाव होतं. गोंधळ नको म्हणून ते काढायचं ठरलं.

त्यांनी लगेच काढलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये १.२० व्हर्जनमध्ये जाहीर केलं की हे नाव जाणार आहे, आणि वापरलं की इशारा दिसेल अशी सोय केली. प्रत्यक्षात काढलं १.२४ मध्ये, डिसेंबर २०२२ ला. जवळपास दोन वर्षं मुदत दिली.

तरी जुना कोड होताच जगभर. यूट्यूबवरच्या जुन्या ट्यूटोरियलमध्ये, कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये, सीनियरने दिलेल्या प्रोजेक्टमध्ये. तो चालवला की एरर. पण त्या एररचा मजकूर वाचण्यासारखा आहे. त्यात सांगितलंय की हे नाव नेमकं काय होतं, त्याऐवजी नुसतं 'फ्लोट' लिहा, तुम्हाला खरंच नमपायचाच प्रकार हवा असेल तर कुठलं नाव वापरा, आणि जास्त माहिती हवी असेल तर १.२० च्या रिलीज नोटची लिंक ही घ्या.

मला हे फार आवडलं. कारण खरी परिस्थिती काय आहे? नोट आधीपासून वाचणारे थोडे. बहुतेक जण सगळं बिघडल्यावरच शोधत येतात. मग जिथे बिघडतं तिथेच नोटचा पत्ता लावून ठेवला. रस्ता बंदची पाटी रस्त्याच्या तोंडाशी लावतात, गॅझेटमध्ये छापून गप्प बसत नाहीत, तसं.

पुढे जून २०२४ मध्ये नमपायचं २.० आलं, २००६ च्या १.० नंतर पहिल्यांदाच पुढचा आकडा बदलला. तेव्हा त्यांनी नोटबरोबर स्थलांतराची वेगळी मार्गदर्शिका दिली. शिवाय रफ नावाच्या टूलमध्ये असा नियम आहे की तो चालवला की तुमच्या कोडमधली बरीचशी जुनी नावं आपोआप बदलून मिळतात. 'काय करायचं' या प्रश्नाचं याहून सोपं उत्तर नाही: हे चालवा.

आकडा बोलत नाही

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, व्हर्जनचा आकडा कशासाठी असतो मग? बरोबर आहे. सिमँटिक व्हर्जनिंग म्हणून एक पद्धत आहे, गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली. तीन आकडे. पहिला बदलला तर सावधान, जुना कोड मोडू शकतो. दुसरा बदलला तर नवीन सोयी आल्या, जुनं चालू राहील. तिसरा बदलला तर फक्त दुरुस्त्या. पद्धत छानच आहे. अडचण एवढीच की सगळे ती पाळत नाहीत, आणि पाळायला हवी असं बंधनही नाही.

पायथनमध्येच 'क्रिप्टोग्राफी' नावाची लायब्ररी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचं ३.४ आलं. त्यात पहिल्यांदा रस्ट भाषेतला कोड आला. उद्देश चांगला होता, सुरक्षेच्या कोडमधल्या मेमरीच्या चुका टाळायच्या. ज्यांना तयार बांधलेलं पॅकेज मिळत होतं त्यांना काहीच फरक पडला नाही. पण अल्पाइन लिनक्स वापरणाऱ्यांना त्या वेळी असं तयार पॅकेज मिळत नव्हतं. त्यांच्याकडे लायब्ररी तिथल्या तिथे बांधली जायची. आता तिथे रस्टचा कंपायलर हवा, आणि तो नव्हता. अल्पाइन आकाराने लहान, म्हणून डॉकरमध्ये भरपूर वापरतात. सकाळी उठून बघतात तर अनेकांचे बिल्ड लाल.

गंमत म्हणजे नोटमध्ये हे लिहिलेलं होतं. रस्ट आलं आहे, स्वतः बांधणाऱ्यांना कंपायलर लागेल, तयार पॅकेजवाल्यांना काही करायची गरज नाही, सगळं. त्यांच्या स्वतःच्या नियमात दुसरा आकडा बदलला तरी मोडतोड होऊ शकते, हेही आधीच लिहून ठेवलेलं होतं. पण लोकांनी ३.३ चं ३.४ झालेलं बघितलं आणि गृहीत धरलं की किरकोळ असेल. कित्येकांनी तर तेवढंही बघितलं नाही. त्यांच्या सर्व्हरने ते आपोआप ओढून घेतलं.

यावर त्या मेंटेनरांनी काय केलं? दोन गोष्टी. लगोलग आलेल्या ३.४.२ मध्ये एररचे संदेश सुधारले, आणि नोटमध्ये साधा सल्ला दिला की इन्स्टॉल होत नसेल तर आधी पिप अपडेट करा, मग प्रश्नोत्तरांचं पान बघा. आणि पुढचं मोठं व्हर्जन सप्टेंबर २०२१ मध्ये थेट ३५.० या नावाने काढलं. ३.४ नंतर ३५! आकड्याची पद्धतच बदलून टाकली, म्हणजे पुन्हा कोणाचा असा समज होऊ नये.

यातून मी घेतलेला धडा असा: आकडा फक्त दार वाजवतो. आत कोण आलंय, कशासाठी, हे शब्दांनीच सांगावं लागतं. आणि आकडा एक सांगतोय, शब्द दुसरंच, असं झालं की लोक आकड्यावरच विश्वास ठेवतात, कारण तो वाचायला कमी वेळ लागतो.

'हात लावू नका'

आता मुद्द्याचं. हे सगळं एवढं का महत्त्वाचं?

माझ्या आधीच्या नोकरीत, नाव घेत नाही, मी एका जुन्या प्रोजेक्टवर रुजू झाले. त्यात एका लायब्ररीचं व्हर्जन घट्ट बांधून ठेवलेलं होतं, आणि त्या ओळीशेजारी कॉमेंट होती: 'हात लावू नका'. दीड वर्ष कोणी हात लावला नव्हता. मी विचारलं, का? तर म्हणे पूर्वी एकदा अपडेट केलं होतं, बिलिंग बंद पडलं, आणि त्या व्हर्जनच्या नोटमध्ये फक्त 'विविध सुधारणा' एवढंच होतं. काय बदललं हे शोधायला तीन दिवस गेले. तेव्हापासून ठरलं, अपडेट नाही म्हणजे नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

दरम्यान त्याच लायब्ररीत सुरक्षेची एक त्रुटी सापडली होती, जाहीर झाली होती आणि दुरुस्तही झाली होती. दुरुस्ती पुढच्या व्हर्जनमध्ये तयार होती, फुकट. पण आमच्याकडे ती आलीच नाही. कारण त्या टीमचा नवीन व्हर्जनवरचा विश्वासच उडाला होता.

मोघम नोटची खरी किंमत ही असते. ती त्या दिवशी चुकती होत नाही. लोक शिकतात की अपडेट म्हणजे संकट, आणि मग ज्या दिवशी अपडेट करणं खरोखर गरजेचं असतं त्या दिवशीही ते करत नाहीत.

डिसेंबर २०२१ मधलं लॉग फोर जे प्रकरण ऐकलं असेल. जावामधली लॉग लिहायची लायब्ररी, जगभर वापरली जाणारी. तिच्यात अशी त्रुटी सापडली की बाहेरचा माणूस एक विशिष्ट ओळ पाठवून तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकेल. धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा. त्या एका महिन्यात चार व्हर्जन आली: २.१५.०, २.१६.०, २.१७.०, २.१७.१. सांभाळणारे बहुतांश स्वयंसेवक.

जरा कल्पना करा की त्या चारही व्हर्जनखाली 'सुरक्षा सुधारणा' एवढंच असतं. कालच तर अपडेट केलं, आज परत कशाला, असंच कोणीही म्हटलं असतं. पण अपाचेच्या पानावर प्रत्येक त्रुटी वेगळी मांडली होती. कुठल्या व्हर्जनपासून कुठल्या व्हर्जनपर्यंत धोका, कुठल्या परिस्थितीत, जुन्या जावावर अडकलेल्यांनी कुठलं व्हर्जन घ्यायचं, आणि आज अपडेट शक्यच नसेल तर फाइलमधून नेमका कुठला क्लास काढून टाकायचा. आणि आधी सुचवलेले काही तात्पुरते उपाय पुरेसे नाहीत हेसुद्धा त्यांनी तिथेच उघडपणे लिहिलं. लपवाछपवी केली असती तर पुढच्या सूचनेवर कोणी भरवसा ठेवला असता?

मग लिहायचं कसं?

आता थोडं हाताशी येईल असं.

पहिलं: गिटमधली कमिटची यादी चिकटवून तिला रिलीज नोट म्हणू नका. कमिट आपण टीमसाठी लिहितो. 'टायपो', 'रिव्ह्यूप्रमाणे बदल', 'आता तरी चालू दे रे बाबा'. ते बाहेरच्या माणसाच्या काय कामाचं? गिटहबवर २०२१ पासून एक बटण आहे, ते दाबलं की सामील झालेल्या पुल रिक्वेस्टची यादी आपोआप तयार होते, पहिल्यांदा योगदान देणाऱ्यांची नावंही येतात. ती नावं जरूर ठेवा, लोकांना आनंद होतो. पण ती यादी म्हणजे निवडलेली भाजी. ती अजून फोडणीला टाकायचीय.

दुसरं: रचना ठरवून घ्या. ऑलिव्हिए लाकान यांचा 'कीप अ चेंजलॉग' नावाचा एक प्रसिद्ध नमुना आहे, त्यात सहा खाने आहेत: नवीन काय आलं, काय बदललं, काय लवकरच जाणार, काय गेलं, काय दुरुस्त झालं आणि सुरक्षेचं काय. वाचणाऱ्याला आपला भाग पटकन सापडतो.

तिसरं: रिलीजच्या आदल्या रात्री लिहायला बसू नका. तीन महिन्यांपूर्वीचा बदल का केला होता ते तेव्हा आठवत नाही. पिप आणि पायटेस्टसारखे प्रोजेक्ट 'टाउनक्रायर' नावाचं टूल वापरतात, नमपायसुद्धा. टाउनक्रायर म्हणजे आपला दवंडी पिटणारा! पद्धत साधी आहे. बदल करणाऱ्याने कोडसोबतच एक छोटी फाइल टाकायची, एक-दोन वाक्यांची, हा बदल वापरणाऱ्याला कसा जाणवेल ते सांगणारी. रिलीजच्या दिवशी टूल सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून एक दवंडी तयार करतं. जखम ताजी असताना लिहिलेलं नेहमी जास्त नेमकं असतं.

चौथं: वाक्य उलटं करा. आमच्या लायब्ररीतला एक बदल सांगते. पुल रिक्वेस्टचं शीर्षक होतं, 'फॉरमॅटरमध्ये रिकाम्या मूल्याची हाताळणी सुधारली'. खरं आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नोटमध्ये मी असं लिहिलं:

'रक्कम रिकामी पाठवली तर आता एरर येईल. आधी शून्य रुपये छापलं जायचं. तुमच्या डेटात रिकाम्या रकमा असतील तर त्या आधी गाळून घ्या, किंवा त्यांच्या जागी काय छापायचं ते नवीन पर्यायात द्या. कारण: रक्कम माहीत नसणं आणि रक्कम शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बिलावर दोन्ही सारख्याच दिसत होत्या.'

पहिल्या शब्दापासून वाचणाऱ्याच्या बाजूने. तुम्ही काय कराल तर काय होईल, आधी काय व्हायचं, आता काय करायचं, आणि शेवटी कारण. आम्ही काय मेहनत घेतली ते कुठेच नाही, कारण रात्री अकरा वाजता बिल्ड दुरुस्त करणाऱ्याला ते नको असतं.

तुम्ही विचाराल, हे एआयकडून करून घेऊ का? घ्या की. कच्चा मसुदा तो चांगला देतो. कोडमध्ये काय बदललं ते त्याला दिसतं. पण कोणाला त्रास होईल, हे इश्यूंमध्ये लोकांशी बोललेल्या माणसालाच जास्त कळतं. मागच्या महिन्यात कोणी रिकाम्या रकमांबद्दल प्रश्न विचारला होता, तो नेमका काय करत होता, हे तुम्हाला आठवतं. म्हणून शेवटचा हात माणसाचाच फिरायला हवा, आणि प्रत्येक वाक्य खरं आहे का ते कोड चालवून बघायला हवं.

तुमच्यासाठी एक काम

कॉलेजमधले बरेच जण मला विचारतात, ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करू? रीडमीमधला स्वल्पविराम बदलून पुल रिक्वेस्ट पाठवण्यापेक्षा हे करून बघा. तुम्ही वापरता ती एखादी छोटी लायब्ररी घ्या. तिचं येऊ घातलेलं व्हर्जन स्वतःच्या प्रोजेक्टवर चालवा. काय मोडलं, कसं दुरुस्त केलं, ते चार ओळींत लिहा आणि मेंटेनरला विचारा, 'हे नोटमध्ये घालू का?' मी मेंटेनर म्हणून सांगते, असा माणूस आला की आम्हाला देव भेटल्यासारखं वाटतं. कारण वापरणाऱ्याच्या जागेवरून आमची लायब्ररी आम्हाला कधीच दिसत नाही, तुम्हाला दिसते. आणि हे करताना तुम्ही त्यांचा कोड जितका वाचाल तितका एरवी कधी वाचणार नाही.

दुसरं काम नोकरीवाल्यांसाठी. डिपेंडाबॉटची पुल रिक्वेस्ट येते ना, 'या लायब्ररीचं व्हर्जन वाढवा' अशी? तिच्यात खाली रिलीज नोट दिलेली असते. ती उघडून वाचा. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर मनात शिव्या घालून बसू नका. त्या प्रोजेक्टवर जाऊन सभ्यपणे विचारा: 'या बदलाचा आमच्यासारख्यांवर काय परिणाम होईल?' समोरचा माणूस बहुधा ऑफिस सुटल्यावर, जेवण झाल्यावर, फुकट हे काम करतोय. तुमच्या एका प्रश्नामुळे पुढच्या शंभर जणांचा वेळ वाचू शकतो.

तर आजच्यापुरतं इतकंच. तुम्हाला अपडेटने दिलेला सगळ्यात मोठा मनस्ताप कोणता, ते मला नक्की कळवा. निवडक अनुभव आपण पुढच्या एखाद्या भागात घेऊ. तोपर्यंत अपडेट करत राहा, पण वाचून करा. भेटूच.